मिटल्या तोंडाचा बाप

गुरुवार, १० फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात या वहीत मी लिहिलं की ओढ्याकाठच्या ओलीत चार गाभण बेडक्या आहेत. ते चूक आहे. खोडत नाही, कारण खोडलं तर मी चुकले होते हेही पुसलं जाईल. नीट लिहायचं तर असं: ते चारही नर आहेत. बाप आहेत.

आज सकाळी शेवाळावर पालथी पडून मी त्यांतल्या एकाकडे बघत होते. बोटाच्या पेराहून जरासा मोठा, पाठ हिरव्या पानासारखी, नाकाचा शेंडा देठासारखा पुढे आलेला. आमच्या बेटावर सगळे याला गुराखी बेडूक म्हणतात, कारण याची शीळ गुराख्यासारखी असते. याचा गळा आणि पोट फुगलेलं होतं आणि कातडीखाली काही तरी सरकत होतं. अंडी, असं मी धरून चालले होते. एवढ्यात त्यानं मान मागे टाकली, जांभई आल्यासारखं तोंड उघडलं, आणि आतून पिल्लू बाहेर आलं. शेपटीचा बेडूकमासा नव्हे, चार पायांचा अख्खा बेडूक, वाटाण्याएवढा. ते पानावर बसलं आणि रोजचंच असल्यासारखं इकडेतिकडे बघू लागलं. बापानं तोंड मिटलं. गळा अजून हलत होता, म्हणजे आत आणखी होती.

चर्चच्या टेकडीवर फोनला रेंज येते, तिथे जाऊन वाचलं. मादी ओल्या पाल्यात अंडी घालून निघून जाते. बाप राखण करतो. अंड्यांत पिल्लं वळवळू लागली की त्यांना तोंडात घेतो आणि गळ्याच्या पिशवीत वाढवतो. दीड-दोन महिने.

संध्याकाळी एदेलमिराआत्याला सांगितलं.

"म्हणजे बाई मोकळी, आणि हा तोंडात पोरं धरून गप्प बसतो?"

"हो, आत्या."

"दोन महिने गप्प?" आत्या हसता हसता खोकली. "असा एखादा आमच्या तरुणपणी कुठे लपला होता?"

मी ते 'गाभण' प्रकरण किती घरी सांगून बसले आहे! मी शिकवते त्या शाळेतली मुलं वाटेत भेटली, त्यांनाही सांगितलंय. मार्चमध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच दिवशी दुरुस्त करायचं.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या त्याच ओलीतून गेल्या आहेत. सव्वीस तारखेला आत्याचं घर तिथूनच ओढून नेणार आहेत.


शनिवार, १२ फेब्रुवारी

आत्याच्या घराखालचा कडा समुद्र खातो आहे. गेल्या हिवाळ्यात कोंबड्यांचं खुराडं गेलं. येत्या हिवाळ्यात स्वयंपाकघर जाईल. म्हणून मिंगा ठरली: सगळं गाव बैलांच्या जोड्या घेऊन येणार, घराखाली ओंडके घालणार आणि लाकडी घर उभंच्या उभं ओढून चर्चमागच्या आमच्या जमिनीवर नेणार. वाट बाबांनी आखली. आमच्या भागात कुठल्याही मिंगेला हाकारा बाबाच घालतात. त्यांची हाक गेली की सगळ्या जोड्या एकदम मान खाली घालतात. पलीकडच्या बेटावरच्या लोकांनाही बाबांचा आवाज ओळखता येतो.

काल रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, वाट बदलता येईल?"

"वर चढ आहे. बैलांचे गुडघे फुटतील. खाली दलदल."

"पण ओलीतली झाडं पाडावी लागतील. सावली गेली की सगळं वाळेल. आणि तिथे..."

"ओरिआना," बाबा म्हणाले, "तुझी आत्या प्रत्येक घरी जाऊन चुलीपाशी बसली. येर्बाच्या पाल्याचा चहा प्याली. दिवस सांगितला, वाट सांगितली, हात जोडून मागितलं. लोक हो म्हणाले. आता बदलणारा मी कोण? मी नुसता ओरडणारा."

त्यानंतर बाबा बोलले नाहीत. आज दिवसभरही नाही. माझ्यावर रागावले आहेत.


रविवार, १३ फेब्रुवारी

लाज वाटते, पण लिहिते.

काल बसून मी वाट बदलण्याबद्दल एक पत्रक लिहिलं. सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना आकडे घालून. 'सन्माननीय रहिवाशांनो' अशी सुरुवात. आज प्रार्थनेआधी ते चर्चच्या दाराला लावलं. बाहेर आले तर एरिबेर्तोकाका ते मोठ्यानं वाचत होते. काकांची लाँच आहे आणि जीभही लाँचसारखीच, थांबवता येत नाही.

"सन्माननीय रहिवासी! कोण रे तो? तू का? मग कोण, तुझा बैल?" सगळे हसत होते. "बघा, बेडकांनी अर्ज टाकलाय! आणि सही नाही. निदान पायाचा ठसा तरी उमटवायचा, सन्माननीय बेडकांनो!"

मीही हसले असते, पण आत्यानं पुढे होऊन कागद ओढून काढला आणि माझ्या हातात कोंबला. वाटेत एवढंच म्हणाली, "दुखरे गुडघे घेऊन मी एकेकाच्या दारात गेले. तू माझं मागणं दाराला चिकटवून परत घेतलंस."

माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या दाराशी मागितलं जातं त्याच दाराशी ते बदलायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी कागद लावला. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. मला अक्षरांनी मागता येतं. तोंडानं मागायची वेळ आली की मी कागद शोधते.


मंगळवार, १५ फेब्रुवारी

ओलीत गेले. तिसरी काठी आडव्या पडलेल्या खोडापाशी होती असं मी चितारून ठेवलंय. आज ती वर, चढावर आहे. चौथीही. माझं चित्र चुकलं असणार. यापुढे दोनदा बघून काढायचं.

बाबांचे बूट दाराशी शेवाळानं माखलेले होते. बैल शोधायला गेले असतील. बैल मात्र गोठ्यातच होते.


बुधवार, १६ फेब्रुवारी

काठ्या पुन्हा खोडापाशी आहेत. म्हणजे माझं चित्र बरोबर होतं आणि काल मी चुकीचं पाहिलं. डोळे तपासून घ्यायला हवेत.


गुरुवार, १७ फेब्रुवारी

आज बरंच घडलं.

दुपारी आत्या जेवायला होती. माझ्याशी तुटक बोलत होती. बाबा बटाटे सोलत बसले होते. पाच दिवसांत त्यांच्या तोंडून शब्द नव्हता. मध्येच खाली बघतच म्हणाले, "बाई, तुझं हे घर इथे आलं तेव्हा कसं आलं होतं?"

"कसं म्हणजे? पाण्यावरून! सासऱ्यांनी पलीकडच्या बेटावरून आणलं. माझ्या लग्नाच्या आधी. पुढच्या खोलीत टाचेएवढा समुद्र शिरला होता म्हणे, आणि सासूबाई खुर्चीवर उभ्या राहून शिव्या देत होत्या."

बाबांनी पुढचा बटाटा घेतला. आणि मला एकदम सुचलं! कसं सुचलं सांगता येत नाही. कधी कधी देव बुद्धी देतो. घर ओलीतून कशाला? कड्याच्या कडेनं होड्या ओढायचा उतार आहे, तिथून खाली वाळूवर न्यायचं. खाली रिकामी पिंपं बांधायची. भरती आली की उचलेल. लाँचींनी ओढून टोकाला वळसा घालून चर्चच्या खाडीत. मी घाईघाईनं बोलत सुटले. एवढं उधाण मार्चमधल्या पौर्णिमेला येतं, म्हणजे एकोणीस मार्च, शनिवार.

आत्या म्हणाली, "आणि सव्वीसनंतर आणखी तीन आठवडे कडा थांबेल?"

मी म्हटलं, "आत्या, एकदा ओलीत चल. मग नाही म्हण."

तिला हात धरून नेलं. नाल्काच्या मोठ्या पानांखालून वाकून जावं लागतं, ती कुरकुरत होती. दुसरा बाप खोडाच्या कडेला बसला होता, गळा टम्म. आत्यानं काडीनं पान बाजूला केलं मात्र, तो उलटा होऊन ओढ्यात पडला. काळंपांढरं पोट वर, पाय आखडलेले.

"मेला! अगं बाई, मी मारला!"

"सोंग आहे, आत्या. थांब."

पाण्यावर पानासारखा तरंगत तो हातभर पुढे गेला, मग सुलटा झाला आणि काठावर चढला. गळा तसाच टम्म. आतली सगळी शाबूत.

आत्या बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, "तोंडात पोरं, आणि वर मेल्याचं सोंग. याला जगायचंय हो." ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "माझ्या घराला पाणी नवीन नाही. पण पुन्हा मागावं लागेल, प्रत्येक दारात. माझे गुडघे एकदा चालले, दुसऱ्यांदा नाही चालायचे. घर माझं, मागणं माझं. तोंड तुझं."

मी हो म्हटलं.


शनिवार, १९ फेब्रुवारी

पहिलं घर उबेरलिंदाकाकूंचं. मी उभ्यानंच पाठ केलेलं म्हणायला लागले.

"अगं बस आधी," काकू म्हणाल्या. "शाळा सुटली. चहा घे."

बसले. चहा घेतला. बटाट्याची गरम पोळी घेतली. मग पाठ केलेलं आठवेना, म्हणून जे पाहिलं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढंच? मग कागदावर ते का नाही लिहिलंस? तिथे नुसतं 'संवर्धन, संवर्धन'. मला वाटलं नवीन कर आला."

त्या हो म्हणाल्या. पुढच्या घरीही. तिसऱ्या घरी नाही म्हणाले नाहीत, पण घर बुडालं तर मला आयुष्यभर ऐकवू असं म्हणाले. ते 'हो'च समजते. समजावं का? उद्या पुन्हा जाऊन विचारून येईन.


सोमवार, २१ फेब्रुवारी

एरिबेर्तोकाकांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. भित्रेपणा, दुसरं काही नाही. त्यांच्या लाँचशिवाय काही होणार नव्हतं.

"या, बेडकांच्या वकीलबाई. कागद कुठाय?"

"कागद नाही, काका. आत्याच्या वतीनं तोंडानं मागायला आलेय."

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. किटली चुलीवर सरकवली. चहा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माग."

"तुमची लाँच हवी. एकोणीस मार्च, शनिवार, दुपारची भरती. वाट समुद्राची."

"घर बुडालं तर?"

"तर आत्या आमच्याकडे राहायला येईल आणि रोज मला ऐकवेल."

"म्हणजे शिक्षा तुलाच. ठीक. आणि बेडकाचं काय ते?"

मी सांगितलं. वाढवून काही नाही. मान कशी मागे टाकली, पिल्लू कसं आलं, तोंड कसं मिटलं.

"तोंडातून?"

"तोंडातून."

"दात नसतात ना त्याला?"

"नसतात."

"मग ठीक," काका म्हणाले, जणू एवढंच अडलं होतं. "चल, पिंपं बघून घे."

शेडमध्ये निळी पिंपं धुऊन पालथी घातलेली होती. दोर नवे, गाठी मारून तयार. मी विचारलं, हे कधी केलंत?

"मागच्या मंगळवारी सांगून गेलं कुणी तरी. पिंपं धुऊन ठेव म्हणे, पोरगी मागायला येईल."

"कोण?"

"नाव घ्यायची बंदी आहे मला."

आत्याच असणार. पण मंगळवारी तर समुद्राचं कुणाच्या मनातही नव्हतं. काका वार चुकले असतील. म्हणजे पिंपं फुटकी नाहीत ना, तेही एकदा आपण तपासलेलं बरं.

घरी येऊन बाबांना सांगितलं, सगळे हो म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि बाहेर लाकडं फोडायला गेले. लाकडं कालच फोडून झाली होती. राग अजून गेलेला नाही.


शुक्रवार, ४ मार्च

दुपारी वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि समुद्र कड्यावर आपटायला लागला. चारच्या सुमाराला सफरचंदाचं झाड गेलं, मुळांसकट, सगळ्या हिरव्या फळांसकट. आता स्वयंपाकघराची पायरी हवेत आहे.

सव्वीसला ओढलं असतं तर आज घर चर्चमागे असतं. हे माझ्यामुळे. स्वतःशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते: आज दुपारी ती ओल, ते चार बाप, सगळं देऊन घर वाचत असतं तर मी दिलं असतं. मी आत्याला तसं म्हणालेही. "आत्या, उद्याच ओलीतून नेऊ. झाडं मी स्वतः तोडते."

आत्या खिडकीपाशी विणत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनदा मागितलंय मी. तिसऱ्यांदा मागितलं तर लोक घरासाठी नाही, मला वेड लागलं म्हणून येतील. बस. लोकर धर."

मी लोकर धरली.

मग बाहेर आवाज आले. बाबा आणि गावातले निम्मे पुरुष, चिंब भिजलेले, दोर घेऊन. कुणी मागायला गेलं नव्हतं. त्यांनी घराला चारही बाजूंनी दोर घेतले आणि जमिनीकडच्या जुन्या खुंटांना बांधले. एरिबेर्तोकाकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "सन्माननीय रहिवासी आलेत, बाई! चहा टाका!"

बाबांनी शेवटची गाठ आवळली, दोर दोनदा ओढून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. पण जाताना माझी टोपी कानांवर खाली ओढून गेले, लहानपणी ओढायचे तशी. वारा होता म्हणून असेल.


सोमवार, ७ मार्च

घर उभं आहे. वारा पडला.

शाळा उघडली. मुलांना पहिल्याच तासाला सांगितलं की मी चुकले होते, तो गाभण नव्हे, बाप. मुलांना बाई चुकल्याचा फार आनंद झाला.

"मग आई कुठे जाते?" मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही. "तोंडात पोरं असताना तो जेवतो कसा?" तेही पाहिलेलं नाही. "मग बाई, तुम्ही पाहिलंय तरी काय?"

मी मान मागे टाकून दाखवलं. पुढचा तास सगळा वर्ग माना मागे टाकून जांभया देत होता.


रविवार, १३ मार्च

ओलीत गेले. घाई न करता, पाऊल ठेवायच्या आधी प्रत्येक जागा बघत, कारण वाटाण्याएवढे जीव कुठेही असतात. पहिला बाप सडपातळ झालाय, गळ्याची कातडी सैल. दुसरा तसाच. तिसरा दिसला नाही. चौथा अजून थोडा फुगलेला. खोडावर, शेवाळावर, नाल्काच्या देठात मिळून दहा तरी पिल्लं. एक माझ्या बुटावर चढलं आणि उतरायला तयार नव्हतं. त्याच्यासाठी मी जेवायला उशिरा पोचले.

निघताना शीळ ऐकू आली. बारीक, तीनदा, गुराखी बैलांना बोलावतो तशी. पहिला बाप. फेब्रुवारीपासून त्याच्या तोंडून आवाज ऐकला नव्हता. मी तिथेच उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. मग चौथ्याला त्रास होईल म्हणून थांबवल्या.

लाल चिंध्यांच्या सगळ्या काठ्या मी उपटून आणल्या. चुलीत चांगल्या पेटल्या.


बुधवार, १६ मार्च

घराखाली ओंडके बसले, पिंपं बांधून झाली. मी प्रत्येक गाठ तपासली, मग माझ्यामागून आत्यानं. शनिवारचं जेवण तापल्या दगडांवर शिजवायचा खड्डा खाडीवर खणलाय. तो झाकायला लागणारी नाल्काची पानं रस्त्याकडेची तोडायची, ओलीतली नाही, हे मी उबेरलिंदाकाकूंना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा निघाले तर त्या म्हणाल्या, "कळलं गं, सन्माननीय!"

संध्याकाळी बाबांनी मला अंगणात बोलावलं. कुजबुजत म्हणाले, "माझा घसा बसलाय. शनिवारी हाकारा तू घाल."

मला वाटलं थट्टा आहे. "बाबा, हाकारा कधी कुठल्या बाईनं घातलाय?"

"बेडकाच्या तोंडातून पोर येताना कधी कुणी पाहिलं होतं?"

"माझा आवाज लाँचींपर्यंत जायचा नाही."

"दारोदार गेला ना? मग पाण्यावरूनही जाईल." एवढं म्हणून त्यांनी घशाला हात लावला आणि चेहरा वेदनेनं वाकडा केला.

मी घाबरले, मध आणायला आत गेले. तेवढ्यात कुत्र्यानं वाळत घातलेला मासा पळवला आणि बाबांनी अशी आरोळी ठोकली की खाडीवरचे सगळे पक्षी उडाले. मी धावत आले, म्हटलं, बरा झाला की घसा! ते पुन्हा कुजबुजायला लागले. अशी दुखणी येतात-जातात. त्यांना मध दिला. त्यांनी मुकाट्यानं खाल्ला, दोन चमचे, आणि तिसरा मागितला. राग गेला असावा.

मग मी गोठ्यामागे गेले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी चिरकली. तिसरीला मी मान मागे टाकली आणि तोंड पूर्ण उघडलं. गोठ्यात आमचे दोन्ही बैल उठून उभे राहिले, जू मानेवर नसताना मान खाली घालून.

शनिवारी सकाळच्या ओहोटीला जोड्या घर उतारावरून वाळूवर आणतील. दुपारी भरती त्याला उचलेल. आत्या चूल पेटती ठेवून आत बसणार आहे. धुराडं धूर सोडतच समुद्रातून जायला हवं, असा तिचा हट्ट आहे, आणि खुर्ची जवळ घेऊन ठेवली आहे, टाचेएवढं पाणी आलं तर उभं राहायला. एरिबेर्तोकाका लाँचवर, बाबा काठावर दोर धरून. मी घराच्या उंबऱ्यावर, तोंड समुद्राकडे.

शनिवार, १९ मार्च, दुपारची भरती. पहिली हाक माझी.